चार बोटं वायर

कारखान्यांना नुकतेच यंत्रांचे हात फुटले होते, तेव्हाची ही गोष्ट. टेबलावरची, चाळीस वर्षं राबलेली म्हातारी पक्कड ऐटीत सांगायची, "इथली सगळी कंट्रोल पॅनेलं माझ्या हातची! ज्यांतून धूर निघाला, तीसुद्धा माझीच म्हणा."

एक दिवस यंत्रहात आला. त्यानं स्वतःच नकाशा काढला नि तासाभरात अख्खं पॅनेल जोडलं. हा इथं रुळला तर आपण भंगारात, हे पक्कड जाणून होती. तरी कुतूहल आवरेना. तिनं आत डोकावलं आणि खुदकन हसली. "अरे शहाण्या, वायरी इतक्या ताणून? चार बोटं जादा सोडावी. उद्या टोक जळालं, तर कापून पुन्हा काय जोडशील, कपाळ?"

यंत्रहात थबकला. "आजी, मला शिकवलं त्यात हे कुठंच नव्हतं. चाळीस वर्षांत तुम्ही कुणाला सांगितलंत का?"