शिंगराला तोबरा, ठकूला ठेंगा

“मोहिमेवरच्या शिपायावर फिर्याद चालणार नाही म्हणजे नाही!” महाराज गरजले.

समोर हौसा उभी होती. तिच्या कडेवर तिची दोन वर्षांची लेक ठकू. ठकूला महाराजांच्या गरजण्याचं काहीच वाटलं नाही. तिला भूक लागली होती आणि भर दरबारात भोकाड पसरून ती तेवढंच सगळ्यांना कळवत होती.

“सरकार, न्हवरा सोडून गेला त्येचं मला सोयरसुतक न्हाई,” हौसा म्हणाली. “पर पोरीच्या पोटाचं काय? गवत इकून दोघींचं भागत न्हाई. बापानं काय तरी द्यावं का नको?”

“मानकोजी तिकडे खिंडीत लढतोय!”

मानकोजी काय लढत होता ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. खिंडीपलीकडचा शत्रू भांडण विसरून कधीच नांगरणीला लागला होता. मोहीम मात्र चालूच होती, कारण ती संपवायची महाराजांना आठवण राहिली नव्हती. मानकोजी खिंडीत बसून रस्सा ओरपायचा आणि मिशीला तूप लावायचा. घरच्या पोरीला पोसण्यापेक्षा शत्रूची वाट बघणं त्या बेट्याला सोपं वाटत होतं.

दिवाण दाजीपंत खाकरले. “बाई, नियम तो नियम.”

“तुमचं पोट भरल्यालं दिसतंय, पंत!” हौसा म्हणाली.

दरबार फिसकन हसला आणि महाराजांचं डोकं आणखीच फिरलं. “ऐक! शिपाई हाडामासासकट सरकारचा असतो! तो खिंडीतून हलणार नाही, त्याच्यावर फिर्याद चालणार नाही. एवढं सांभाळून उद्या तुझी पोर बापाच्या वाट्याचं खाताना मला दाखव. दाखवलंस, तर तिचं पोट सरकार भरेल. नाही दाखवलंस, तर हे भोकाड घेऊन पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही!”

बाप खिंडीत आणि घास इथं! हौसा बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण रडत बसायला वेळ कुठला? पागेत गवताचा भारा टाकायचा होता.

पागेत म्हातारा मोतद्दार सटवाकाका एका शिंगराला भिजवलेले हरभरे आणि गूळ चारत होता. शिंगरू इतकं गुबगुबीत होतं, की त्याला स्वतःची शेपटी दिसत नसावी.

“काका, ह्येचा बाप कोन?”

“ढगफोड्या! तुझा मानकोजी बसतो न्हवं का, त्योच घोडा. खिंडीत हाय.”

“बाप तिकडं, मग ह्येला चारतंय कोन?”

“पागेची रीतच हाय पोरी. घोडा मोहिमेवर ग्येला तरी त्येच्या वाट्याची चंदी, हा हरभरा-गूळ, हितं रोज निघती. ती त्येच्या शिंगराच्या तोबऱ्यात जाती. मुकं जनावर, उपाशी कसं ठेवायचं?”

हौसानं शिंगराकडे पाहिलं, ठकूकडे पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज पागेत आले. रोजच यायचे. राण्यांना जे लाड ठाऊक नव्हते ते शिंगरांना मिळायचे. आज मात्र ते दारातच थबकले. शिंगरांच्या ओळीत, ढगफोड्याच्या शिंगराशेजारी, ठकू मांडी घालून बसली होती. दोघांचं तोंड एकाच घमेल्यात! शिंगरू हरभरे खात होतं, ठकू गूळ. भांडण अजिबात नव्हतं.

“हिला इथं कुणी बसवलं?” महाराज ओरडले.

“म्या!” हौसा पुढं झाली. “सरकार, ह्ये शिंगरू कुनाच्या वाट्याचं खातंय?”

“त्याच्या बापाच्या!”

“बाप कुठं हाय?”

“मोहिमेवर!”

“मग बापाला हितं बोलावलं? त्येच्यावर फिर्याद लावली?”

“शिंगराला घास द्यायला फिर्याद कशाला लागते?”

“आन् माझ्या ठकूला लागती व्हय? एकच खिंड, एकच मोहीम! जो पळतो त्येचं लेकरू गुबगुबीत, आन् जो नुसता वर बसतो त्येचं उपाशी!”

मोतद्दारांनी हसू लपवायला तोंडाला मुंडाशाचं टोक लावलं. महाराज म्हणाले, “अगं, पण घोडा सरकारचा आहे!”

“आन् मानकोजी? हाडामासासकट कुनाचा?”

महाराजांनी दाजीपंतांकडे पाहिलं. दाजीपंत मदतीला धावले. “महाराज, ही पोर मानकोजीचीच, याला पुरावा काय?”

“शिंगराचा बाप कुनी बघितला, पंत? कपाळावरचा पांढरा ठिपका बघूनच ठरवलं न्हवं? मग ठकूचं नाक बघा!”

सगळे वाकले. मानकोजीचं ते पोपटनाक जसंच्या तसं गुळात बुडालेलं होतं. दाजीपंत मागं सरकले.

महाराज हट्टी खरे. त्यांनी शेवटचा हिसका दिला. “आणि तरीही मी नाहीच म्हटलं तर?”

“तर सरकार, गावात दवंडी पिटा,” हौसा म्हणाली. “ज्येला पोरंबाळं असतील, त्येनं फौजेत घोडा म्हनून भरती व्हावं, सवार म्हनून न्हाई!”

मग महाराजांचं पोट हलायला लागलं आणि ते असे हसले, की घोडेही खिंकाळायला लागले. हसता हसता ते गवताच्या भाऱ्यावरच बसले.

“दाजीपंत!” डोळे पुसत ते म्हणाले. “मानकोजीच्या शिध्यातला अर्धा वाटा आजपासून खिंडीत जायचा नाही, हौसाच्या घरी जायचा. रस्सा पातळ झाला तर पिऊ दे पातळ! आणि हिला आमच्या गोठ्यातली एक दुभती म्हैस द्या.”

म्हैस मोठी अडेल होती. तिला हौसाच्या दारापर्यंत ओढत न्यायचं काम दाजीपंतांकडे आलं, आणि मागून ठकू काठी घेऊन दोघांनाही हाकत होती.