गूळ लागला की सोड

नदीवर सिमेंटचे पूल नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या अल्याड एक गाव होतं आणि पल्याड एक. गावं इतकी जवळ, की पल्याडची भाकरी करपली तर वास अल्याड यावा. पण मधल्या घळीतून नदी अशी धावायची, की दर पावसाळ्यात दोरांचा झुलता साकव वाहून जायचा आणि एकमेकांकडे नुसतं लांबून बघावं लागायचं.

मग दसऱ्याला नवा साकव बांधायचा. त्याची रीत ठरलेली होती. अल्याडच्या तिरंदाजानं बाणाला बारीक दोरा बांधून तो पल्याड मारायचा. पल्याडच्यांनी त्या दोऱ्याला पळसाच्या पानात गुंडाळलेला गुळाचा खडा बांधायचा, त्यामागे सुतळी आणि सुतळीमागे वाखाचा जाड दोर. अल्याडच्यांनी दोरा ओढला की आधी गूळ यायचा आणि मागून साकव. आता पुलावरून माणसं भराभर जातात, पण गूळ कुणी कुणाला देत नाही. असो.

येसू मूळची पल्याडची. तिकडचा काठ सगळा करवंदीच्या जाळ्यांनी भरलेला. मोकळी जागा काय ती जांभळीपुढच्या सपाट दगडाभोवती. बाण दरवर्षी तिथंच यायचा, त्यामुळे पोरी आधीच जांभळीच्या बुंध्याआड दबा धरून बसायच्या. बाण पडला रे पडला की धावायचं आणि दोरा पकडायचा. एका वर्षी येसूनं भांडून भांडून गूळ बांधायचा मान मिळवला होता. तो दसरा ती जन्मात विसरली नाही.

पुढे लग्न होऊन ती अल्याड आली, आणि तीही त्याच तिरंदाजाची सून होऊन. सासरा आता थकला होता, डोळ्यांवर पडदा चढला होता. नवऱ्याचा खांदा लहानपणीच निखळलेला, त्याला धनुष्य ओढवत नव्हतं. गावातल्या बाकीच्यांना मिशा पिळायला वेळ होता, धनुष्याला नव्हता.

आणि पल्याड येसूची आई खंगत चालली होती. ज्येष्ठात निरोप घेताना ती म्हणाली होती, "साकव झाला की ये गं बाय. मी वाट बघते." साकव झाला नाही तर नदी उतरेपर्यंत थांबायचं, आणि आई तेवढी थांबेल का, हे कुणी सांगावं?

येसू सासऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. "मामंजी, मला शिकवा."

म्हाताऱ्यानं भिंतीवरचं बांबूचं धनुष्य चाचपून काढलं आणि तिच्या हातात दिलं.

परड्यात भाताची पेंढी उभी केली. येसूचा पहिला बाण थेट मधोमध बसला. तिला वाटलं, जिंकलं! दुसरा गोठ्याच्या कुडात घुसला आणि म्हैस दावं तोडून पळाली. बाण डावीकडे गेला की येसू पुढचा उजवीकडे धरायची, खाली गेला की वर धरायची. शेजारणी कुंपणावरून शहाणपण शिकवायच्या. एक म्हणे पिसं बदल, दुसरी म्हणे एक डोळा मीट, तिसरी म्हणे श्वास कोंड. येसूनं सगळ्यांचं ऐकलं. एक ना धड, भाराभर चिंध्या! पावसाळा सरत आला तरी बाण चारी दिशांना.

एक दिवस ती रडकुंडीला येऊन ओट्यावर बसली. "मामंजी, मला नाही जमायचं."

"पेंढी जवळ आण," म्हातारा म्हणाला. "अगदी जवळ. आणि आता मध्यावर मारूच नकोस. बाण कुठंही लागू देत, पण सगळे शेजारीशेजारी लागू देत."

"म्हणजे चुकू?"

"खुशाल चूक. पण दर वेळी त्याच जागी चूक. एका जागी चुकणाऱ्याला वाट दाखवता येते. रोज नव्या जागी चुकणाऱ्याला देवही काय सांगणार?"

मग त्यानं शिंक्यावरचा डबा मागवला. त्यातला गूळ ओला करून तिच्या तर्जनीला लावला. "दोरी ओढताना हे बोट ओठाच्या कोपऱ्याला आलं पाहिजे. तुझं कधी गालाला येतं, कधी हनुवटीला. मला दिसत नाही, पण दोरीचा आवाज दर वेळी वेगळा येतो. जिभेला गोड लागलं की हात जागेवर आला. गूळ लागला की सोड. त्याआधी नाही."

"हा गूळ कुठला, मामंजी?"

"तुमच्याकडचाच. दरवर्षी दोऱ्यावरून येतो. मलाही माझ्या बापानं असंच शिकवलं."

येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून तिनं पेंढीकडे बघणं सोडलं आणि गुळाची वाट बघणं धरलं. हळूहळू बाण शेजारीशेजारी बसू लागले. बसायचे मध्याच्या खाली, पण सगळे एका जागी. मग म्हाताऱ्यानं तिला एकदाच सांगितलं, "आता थोडं वर धर."

दसरा आला. दोन्ही काठ माणसांनी फुलले. पावसाळाभर कातलेले दोरे दोनच होते, आणि भिजला की दोरा जड होऊन वाया जायचा. येसूनं तर्जनीला गूळ लावला. तिनं धनुष्य ओढलं आणि घाईनं सोडलं. बाण भरकटत डावीकडे गेला आणि पाण्यात पडला.

काठावर एकच गलका झाला. "उजवीकडे धर!" "अगं, वर धर!" येसूचा हात आपसूक उजवीकडे वळलासुद्धा. मग ती थांबली. तिनं स्वतःला विचारलं, 'गूळ लागला होता का?'

लागला नव्हता.

म्हणजे नेम चुकला नव्हता, हात चुकला होता. तिनं नेम होता तिथंच परत आणला. लोक ओरडत राहिले. दोरी ओठाच्या कोपऱ्याला आली, जिभेला गोड लागलं, आणि तिनं बोटं सोडली.

मागे बसलेला म्हातारा आवाज ऐकूनच म्हणाला, "गेला."

बाण दगडापाशी जाऊन पडला. जांभळीच्या बुंध्याआडून पोरी धावल्या. त्यांच्यामागून कुणीतरी एका म्हातारीला पाठुंगळी घेऊन आलं आणि दगडावर बसवलं. लांबून तोंड दिसत नव्हतं.

दोरा ओढता ओढता गूळ आला. पळसाचं पान या खेपेला सुतळीनं बांधलेलं नव्हतं, हिरव्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलं होतं. ते लुगडं येसूनं ओळखलं. लहानपणी त्याच पदराआड ती झोपली होती. आईला बाण कुठं पडणार ते ठाऊक होतं, म्हणून आजारी अंगानंही ती नेमक्या जागी येऊन वाट बघत बसली होती.

येसूनं त्या खड्याचा पहिला तुकडा सासऱ्याच्या तोंडात घातला. तो चघळत म्हणाला, "दगडापाशीच ना?"

"दगडापाशीच, मामंजी," येसू म्हणाली, आणि मागून येणारा दोर ओढायला सगळ्यांच्या आधी वाकली.

तात्पर्य: एखादा बाण नशिबानंही लागतो, पण ज्याचा हात रोज एकाच जागी येतो, त्याचीच वाट पलीकडचं माणूस भरवशानं बघू शकतं.