ठकूची खाच

कोंडमाळ गावाच्या वरच्या अंगाला, जिथे डोंगराची घळ संपते आणि शेतं सुरू होतात, तिथे पुरुषभर खोल एक खाच आहे. पाऊस संपला की तिच्यात गवत माजतं, पण ती कुणी बुजवत नाही. पाहुणा आला की गावातलं कुणीतरी जाणतं माणूस त्याला तिथे घेऊन जातं, काठावर बसवतं आणि ठकूबाईची गोष्ट सांगतं.

फार जुनी गोष्ट. तेव्हा गावात अठ्ठावीस घरं होती, असं सांगतात. भाताची कापणी झाली की त्याच ओलीवर लोक कडवे वाल पेरत आणि मग ते दवावर वाढत. उन्हाळा या वालांवरच निघायचा. पण दोन वर्षं झाली, गावाच्या हाती वालाचा दाणा लागला नव्हता. घळीतून एक रानडुक्कर उतरायचा. त्याचा एक सुळा मोडका होता, म्हणून सगळे त्याला एकसुळ्या म्हणत. शेंग भरली की यायचा आणि शेतच्या शेत उकरून टाकायचा. माणसांनी भाले मारले, जाळी लावली, काही चाललं नाही. तिसऱ्या वर्षी तर भाताची राखण करणाऱ्या गोमाजीची मांडी त्यानं उभी फाडली. गोमाजी वाचला, पण त्याचा पाय कायमचा अधू झाला.

ठकूबाई या गोमाजीची बायको. घरात नवरा, म्हातारी सासू आणि ती. नवऱ्याच्या जखमेला पाला बांधता बांधता ती एक गोष्ट मनात घोळवत होती: एकसुळ्या दरवेळी घळीच्या त्याच एका चिंचोळ्या वाटेनं उतरतो.

त्या आठवड्यात देवळापुढं बैठक बसली. हरजी गावकर हा गावचा मुख्य. तो म्हणाला, "आता इथं राहण्यात अर्थ नाही. खाली खाडीकडं उठून जाऊ. पेरायला बी तरी कुणाकडं आहे?"

बी फक्त ठकूच्या घरी उरलं होतं. राखेत घोळून, मडक्याचं तोंड शेणानं लिंपून ठेवलेले पाच शेर वाल. बायका बैठकीत बोलत नसत, पण ठकू मागून उठली आणि पुढं आली.

"ज्यानं माझ्या घरच्या माणसाचं रक्त काढलं, त्याला मी माझ्या चुलीवर, माझ्याच वालांत शिजवीन," ती म्हणाली. "तोवर माझ्या घरात कालवण शिजणार नाही. तुम्ही एवढी पेरणी थांबा, मग खुशाल जा."

माणसं हसली म्हणे. गावकर हसला नाही, पण मान हलवून उठून गेला.

दुसऱ्या दिवसापासून ठकूनं घळीच्या तोंडाशी पहार चालवायला सुरुवात केली. ती खणायची आणि सासू पाट्या भरून माती लांब नेऊन टाकायची. घरात नाचणीची भाकरी आणि मीठ, एवढंच जेवण. वीस दिवसांत ठकूच्या तळहातांची सालं निघाली. खाच तयार झाली तेव्हा तिच्यावर कारवीच्या काठ्या, वर पेंढा, वर माती पसरली. मग ती घरी आली आणि मडकं फोडून सगळे वाल पाण्यात ओतले.

"बियाणं गं ते!" सासू ओरडली. "आता उरलं काय आपल्याकडं?"

"आत्याबाय, मोड आलेल्या वालाचा वास त्याला कोसभरावरनं ओढून आणील. ते खाचेच्या पल्याड ठेवायचे. तो पोचला तर आपलं सगळं गेलं, आणि नाही पोचला तर एक दाणाही जायचा नाही."

 वाल भिजल्यावर म्हातारीनं स्वतः उठून ते फडक्यात बांधले.

तिसऱ्या दिवशी फटफटताना ठकू मोडाची टोपली खाचेपलीकडं ठेवून खडकाआड बसली. हातात घरचं मुसळ होतं, लोखंडी कडीचं. एकसुळ्या आला. वास घेत थांबला, पुन्हा निघाला, आणि कारवीच्या काठ्या कडाडल्या. पण जनावर फार मोठं होतं. पुढचे दोन पाय काठावर रोवून तो वर येऊ लागला. ठकू खडकाआडून निघून काठाशी आली. त्याचा श्वास तिच्या तोंडावर येत होता. तिचे पाय पळा म्हणत होते, असं ती पुढं म्हातारपणी हसून सांगायची. ती पळाली नाही. तिनं मुसळ डोक्यावर उचललं आणि त्याच्या कपाळावर घातलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला एकसुळ्या मागं कोसळला आणि उठला नाही.

टोपलीतला एकही मोड हलला नव्हता.

गाव धावत आलं. बाप्यांनी जनावर बाहेर ओढलं. तेव्हा गावकर म्हणाला, "रीतीप्रमाणे शिकार देवळामागं बाप्ये शिजवतील. डुकराचं मटण घराच्या चुलीवर चढत नाही. मुंडकं माझ्याकडं येईल."

ठकू घामानं भिजली होती, पण तिचा आवाज शांत होता. "गावकर, मी माझ्या चुलीवर म्हटलं होतं. ज्याला रीत मोडवत नाही, त्यानं जेवायला येऊ नये."

 मटण ठकूच्या घरी गेलं.

तिनं मोडाचे दोन वाटे केले. एक वाटा ओल्या फडक्यात ठेवला. दुसरा सासूनं सोलला. सगळ्यात मोठ्या मडक्यात ठकूनं चरबी वितळवली, लसूण, आलं, मिरी, हळद घातली आणि मटण त्यात परतलं. झाकणीवर पाणी ठेवून मंद आचेवर दुपार कलेपर्यंत शिजू दिलं. वाल आधी घातले तर विरघळतात, म्हणून मटण मऊ झाल्यावरच तिनं ते सोडले. शेवटी नारळाचा रस आणि आमसुलं. पायावर भार देता येत नसूनही गोमाजी चुलीपुढं सरकत आला आणि लाकडं मागंपुढं करत राहिला.

वास घराबाहेर पडला आणि गल्लीत पोचला. आधी शेजारीण वाडगा घेऊन आली, मग तिची माणसं, मग सगळंच गाव अंगणात बसलं. दोन वर्षं असं जेवण कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यात शेवटी हरजी गावकर आला. दाराशी चपला काढून तो बराच वेळ उभा राहिला.

"ठकूबाय," तो म्हणाला, "जागा आहे का?"

"आहे की. पण भूक मलाही लागली आहे, आणि वाढायला हात पुरत नाहीत."

गावकर आत गेला. त्यानं चुलीजवळचा डाव उचलला, पहिलं पान सासूचं वाढलं, दुसरं ठकूचं. मग गावातल्या एकेका बाईला वाढलं. बाप्ये सगळ्यांत शेवटी जेवले. जेवणं झाल्यावर ठकूनं ओल्या फडक्यातला वाटा सोडला आणि घरटी ओंजळभर मोड दिले. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस शेतांत पेरणी झाली. खाडीकडं कुणीही गेलं नाही.

आता रानडुकराची शिकार बंद आहे. मटण बाजारातून येतं. पण आजही, वाल पेरायच्या आदल्या दिवशी कोंडमाळात घरोघरी, घरच्याच चुलीवर, वाल घातलेलं डुकराचं मटण शिजतं. बाप्या वाढतो आणि बाई आधी जेवते. बाईनं पुरे म्हटल्याशिवाय त्यानं डाव खाली ठेवायचा नाही, असा नेम आहे. आणि गावातल्या बायका, त्या दिवशी, लवकर पुरे म्हणत नाहीत.