हत्तीच्या पोटाचं दार

ऐका रे, चुळबुळ पुरे. पाय आत घ्या.

निंबारगाव नावाचं एक गाव होतं. तिथे नदी नाही, विहीर नाही. होता फक्त एक दगडी हत्ती. त्याचा कान पिळला की सोंडेतून धो धो पाणी यायचं, बरं का! कुणा जुन्या कारागिराने केला होता म्हणे. पाणी कसं येतं, हे कुणी कधी विचारलंच नाही. हंडे भरायचे आणि घरी जायचं. गावची रीत अशी, की नवी सून आली की तिने हत्तीला शेंदूर फासायचा. दर सुनेचा एक थर. अशी शंभर वर्षं गेली.

मग एके दिवशी काय झालं, कान पिळला तर सोंड कोरडी ठणठणीत!

राजा धावत आला. पहिल्या दिवशी त्याने नारळ फोडले. पाणी नाही. मग दुसऱ्या दिवशी ढोल-ताशे बडवले. हत्तीला काय त्याचं! मग तिसऱ्या दिवशी राजाने स्वतः लोटांगण घातलं, आणि वर पाच शेर शेंदूर फासला. शहाणाच की नाही! शेवटी तो म्हणाला, “आता गाव उठवायचं. उद्या सगळ्यांनी नदीकाठी चला. तीन दिवसांची वाट आहे.”

गावात सगुणा नावाची कुंभारीण होती. तिची सासू आंधळी, पायांनी अधू. ती कुठली चालणार? म्हातारी म्हणाली, “तू जा गं बाय. माझं काय, झालं आयुष्य.” सगुणाला रडूच कोसळलं. सासूवर फार जीव होता तिचा.

मग सासू म्हणाली, “मला एकदा हत्तीच्या पाया पडू दे.” सगुणाने तिला पाठीवर घेऊन नेलं. म्हातारीने हत्तीच्या पोटाला कान लावला आणि म्हणाली, “सगुणे, आत पाणी वाजतंय गं! बाहेर येत नाहीये, एवढंच.”

सगुणाने खापरीचा तुकडा घेतला आणि लागली पोटावरचा शेंदूर खरवडायला. लोक ओरडले, “देवाच्या पोटाला हात घालतेस? पाप लागेल!”

“लागू दे,” सगुणा म्हणाली. “म्हातारीला टाकून जाण्याएवढं मोठं नसेल ते.”

चार बोटं जाड शेंदूर निघाला. आणि खाली काय, तर चक्क एक दार! दारामागे लाकडी चाक. शेंदूर फटीतून झिरपून चाकाला घट्ट चिकटला होता. सगुणाचा जन्म चाकावर गेलेला. तिने कोमट तेल लावलं, खरवडलं, पुसलं. मग कान पिळला. पाणी आलं ते थेट सासूच्या अंगावर! म्हातारी चिंब भिजली आणि खदखदून हसली.

राजा म्हणाला, “उद्यापासून प्रत्येकाने हे चाक शिकलंच पाहिजे!”

“नको महाराज,” सगुणा म्हणाली. “ज्याला नुसतं पाणी प्यायचंय, त्याने खुशाल प्यावं. चार जणांना चाक आलं तरी पुष्कळ. पण दार पुन्हा बुजवू नका. ज्याला बघावंसं वाटेल त्याला बघू दे.”

राजाला पटलं. तेव्हापासून नवी सून आली की आधी दार उघडून बघते, चाक पुसते, आणि मग हत्तीच्या कपाळाला एकच टिळा लावते. गाव कुठे गेलं नाही, म्हातारीही नाही. सगळे सुखात राहिले.

चला, मिटा डोळे. आणि उद्या माझा रेडिओ खोलायचाय ना तुम्हाला? खोला. पण आधी मला हाक मारा. चाळीस वर्षं ऐकतेय, आत काय आहे ते मलाही बघायचंय.