गाढवाचे कान आणि रसवंतीची वाटणी

प्राणी अजून दुकानं चालवायचे, त्या काळची गोष्ट. गाढव, माकड आणि कोंबड्यानं भागीदारीत रसवंती काढली. गाढव चरक ओढी, माकड ऊस घाली, कोंबडा आरवून गिऱ्हाईक बोलावी. चरकाचे घुंगरू वाजले की अख्खं जंगल धावत येई.

पहिल्याच दुपारी गल्ला भरला. तिघांनी चरक थांबवला आणि वाटणीला बसले. गाढवाला कानांसाठी भोकं ठेवलेला फेटा घ्यायचा होता. ते म्हणालं, "कानांच्या लांबीवर वाटा!"

"शेपटीच्या!" माकड उसळलं.

"तुऱ्याच्या!" कोंबडा किंचाळला.

मग मोजामोजी सुरू झाली. जास्त भरावेत म्हणून गाढवानं आपले कान खुंटीला बांधून ताणले. तरी भांडण मिटेना, तेव्हा त्यांनी समोरच्या रसवंतीतल्या रेड्यालाच पंच केलं.

"पंचाचाही वाटा काढतो, रेडेमामा!" गाढव ओरडलं.

"मला छदाम नको रे बाबांनो," रेडा चरक ओढता ओढता म्हणाला. "फक्त घाई करू नका. उद्याही निवांत बसा."

"देवमाणूस आहे!" गाढव गहिवरलं.

ताणून हातभर झालेल्या त्याच्या कानांना समोरचे घुंगरू फार छान ऐकू येत होते.