सूर धरणारी धाकटी

डोंगरात अजून गाडीवाटही पडली नव्हती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका गावात दोघी बहिणी सनई वाजवायच्या. थोरली चाल वाजवायची. सोनकीचा पिवळा सडा, तेरड्याचा नखरा, कारवीचा निळा उतार, सगळं तिच्या बोटांतून फुलायचं. धाकटी आपल्या सनईवर एकच सूर धरायची. गाल फुगवून, दम न तोडता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यावर अख्खं गाव फेर धरून नाचायचं.

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. त्या वर्षी ती फुलली आणि राजाने फुलांचा नाच आपल्या चौकात ठेवला. गावाला आणि दोघी बहिणींना बोलावणं गेलं.

दोघी वाजवायला बसल्या, तोच कारभारी हसला. "महाराज, ही धाकटी काय वाजवते? नुसतं पूंऽऽ! गालात लाडू धरून बसलीय जणू!"

सगळा दरबार खो खो हसला. राजा म्हणाला, "खरंच की! फुकटचं माणूस कशाला? बसवा हिला वेशीबाहेर."

धाकटी मान खाली घालून निघाली. थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली.

"महाराज, माझी चाल हिच्या सुरावर उभी असते. जमीनच काढून घेतली, तर फुलं फुलायची कशावर?"

"तोंड आवर! वाजव मुकाट्याने."

थोरलीने सनई ओठांना लावली. पण ती दम घ्यायला थांबली की चौकात सगळं चिडीचूप. नाचणाऱ्यांचे पाय हवेतच अडकायचे. कुणी पुढे गेलं, कुणी मागे राहिलं. चौथ्या फेऱ्याला फेर मोडला.

"मुद्दाम बिघडवतेस!" कारभारी ओरडला.

"मी? बिघडवलंत तुम्ही!" थोरली ताडकन उठली आणि वेशीकडे चालू लागली. नाचणारेही तिच्यामागे निघाले.

राजाचा शिपाई धावत वेशीपर्यंत आला. "धाकट्या बाई, चला. महाराज मानाचं आसन देताहेत."

धाकटीने आता मान वर केली. "सगळ्यांदेखत हसले ना? त्यांना म्हणावं, मी वेशीबाहेरचीच बरी. ताई, चल आपल्या डोंगरावर."

कारवीच्या उतारावर दोन्ही सनया घुमल्या. गाव नाचलं. राजा मात्र रिकाम्या चौकात एकटाच उभा राहिला. आता पुढच्या बहराची सात वर्षं वाट बघायची.

ज्याच्या आधारावर सोहळा उभा असतो, त्याचाच अपमान करणाऱ्याचा सोहळा मोडतो.