कपाटातला राउटर

निवृत्त फौजदार रंगराव शितोळे यांच्या आवाजाला सारी पेठ दचकायची. त्यांनी दुकानदार वैजयंताला घरी बोलावून फर्मावलं, "स्वयंपाकघरात नेट पोचत नाही. हा राउटर कुचकामी आहे. सगळ्यात मोठा, आठ अँटेनांचा आण!"

"आहे कुठे तो?"

रंगरावांनी कमरेच्या किल्लीने दिवाणखान्यातलं लोखंडी कपाट उघडलं. आत गरम कोटांमागे राउटर लुकलुकत होता. "महागाची वस्तू उघड्यावर ठेवत नसतात," ते म्हणाले.

"साहेब, कोटांमागे डोकं घाला आणि काकूंकडे चहा मागा. दारं मी लोटून धरते. चहा आला, तर मोठा राउटर फुकट!"

"माझा आवाज परेडच्या मैदानापलीकडे जायचा," म्हणत रंगराव आत शिरून तीनदा गरजले. स्वयंपाकघरात काकू निवांत भाजी निवडत होत्या.

रंगराव घामाघूम होऊन बाहेर आले. वैजयंता म्हणाली, "नवा विकला तर माझा फायदाच आहे. पण तुम्ही त्यालाही कोठडीतच टाकणार. त्यापेक्षा यालाच सोडा की साहेब, याचा गुन्हा काय?"

रंगरावांनी राउटर बाहेर टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने आतून हाक आली, "अहो, नेट आलं! चहा टाकू का?"